आमचे लोक तेव्हा कुठे होते?

(साहाय्यक मित्रांच्या मेळाव्यात केलेले भाषण. छपाईसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



आपल्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी इतिहासाचे जे ऑनलाइन साहित्य तयार करायचे ठरले आहे, त्याची आखणी समजावून सांगावी असे समितीने मला सांगितले आहे. मागच्या अंकात त्याची चार ओळींची बातमी आली. तेव्हापासून मला दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पहिला असा की, वसतिगृहाचे पत्रे गळत असताना हे इतिहासाचे खूळ कशाला? दुसरा जरा हळू आवाजात येतो. आदिवासींच्या जुन्या गोष्टी म्हटल्या की वाघदेव आला, हिरवादेव आला, मग हे आपण का सांगायचे? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांना आज उत्तर देते, पण आधी कामाविषयी.

मी पुष्कळ वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला. वर्गात निम्मी मुले वसतिगृहातली असत, वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी. पुस्तकातला धडा ठरलेला. इंग्रजांविरुद्धचे उठाव आले की भिल्ल, कोळी, रामोशी, संथाळ ही नावे एका दमात येतात, एका परिच्छेदात संपतात आणि परीक्षेत ‘जोड्या लावा’मध्ये दोन गुणांना विचारली जातात. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, आमचे लोक तेव्हा कुठे होते?” तिने तक्रार केली नव्हती. तिला खरोखर माहिती हवी होती. तिच्या मनातल्या नकाशावर रायगड होता, पुणे होते, दिल्ली होती, आणि तिचा पाडा कुठेच नव्हता.

२०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांवर आहे, म्हणजे शेकडा नऊहून थोडी अधिक. एवढ्या माणसांना इतिहास नाही असे कोणी उघड म्हणत नाही. पुस्तकातून मात्र मुलाला तेच ऐकू येते. राजे होते, लढाया झाल्या, कायदे झाले, पुढारी झाले, आणि आदिवासी आधीपासून जंगलात होतेच, झाडांसारखे. झाडाला कोणी इतिहास विचारीत नाही.

यावर नेहमीचा उपाय असा की पुस्तकाच्या शेवटी एक पुरवणी जोडायची. तारपा वाजवणाऱ्याचा फोटो, वारली चित्रांची चौकट, चार सणांची माहिती. असे साहित्य हवे तेवढे मिळते. वारली चित्र आज चहाच्या कपावर आहे, साडीच्या काठावर आहे, विमानतळाच्या भिंतीवर आहे. लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाऊन लग्न लावते, हे कप विकणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडत नाही. आपल्याला तसली पुरवणी करायची नाही. मुलीने विचारले होते, आमचे लोक तेव्हा कुठे होते. उत्तर त्याच प्रश्नाला द्यायचे आहे.

म्हणून आखणीतली पहिली गोष्ट अशी की साहित्यात शिरण्याचे दार नकाशा असेल. इसवी सनांची यादी मागून येईल. मुलाने आपला तालुका दाबायचा, मग गाव, मग पाडा. छापील नकाशावर पाड्यांची नावे बहुतेक नसतात. ओहोळ, खिंड, देवराई, जुना बाजार यांची तर नसतातच. ती मुलांनीच घरी विचारून भरायची. हा त्यांचा पहिला स्वाध्याय.

आता एक धडा कसा असेल ते सविस्तर सांगते, म्हणजे कल्पना येईल. धडा मोहाचा आहे.

पडद्यावर आधी मोहाचे फूल दिसते. खाली एका आजीचा आवाज, तीन-चार मिनिटांचा, तिच्याच बोलीत. रात्री फुले गळतात, उजाडायच्या आत वेचायला जायचे, वाळवायची कशी, साठवायची कशात, धान्य संपले की उकडून कशी खायची, फळातल्या बियांचे तेल कसे काढायचे. मग मुलाला प्रश्न: तुमच्या घरी मोह कोण वेचते? झाड कोणाचे, हे कसे ठरते? पुढच्या पानावर एक कागद. १८९२ साली मुंबई सरकारने मोहाचा कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधन घातले. कारण असे सांगितले गेले की लोक फुलांची चोरून दारू गाळतात. सरकारला दारूवरचा कर मिळत होता, मक्तेदाराला दुकान चालवायचे होते, आणि घरोघरी गाळलेल्या दारूवर कर मिळत नव्हता. मुलाला पुढचा प्रश्न: या कायद्याने दारू थांबवायची होती की फक्त बिनकराची दारू? आणि जे फुले खात होते त्यांचे काय झाले असेल?

आपल्या मंडळीत दारूबंदीचे काम करणारे पुष्कळ जण आहेत, मीही त्यात आहे. म्हणून हा धडा मला मुद्दाम घ्यावासा वाटला. दारूने घरे बुडतात हे खरे. आणि ज्या सरकारने ‘आदिवासी दारुडे’ असे कागदावर लिहिले, तेच दारूच्या दुकानांवर तिजोरी भरत होते, हेही खरे. आठवीतल्या मुलाला या दोन्ही गोष्टी एका वेळी समजतात. मोठ्या माणसांनाच पुष्कळदा जड जाते.

असाच दुसरा धडा काताचा. कातकरी हे नावच कातावरून पडले. खैराचे लाकूड तासून, उकळून, आटवून कात करायचा, हा त्यांचा धंदा. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलावर सरकारची पकड बसली, खैर तोडणे गुन्हा होत गेले, आणि ज्यांचा धंदाच खैरावर होता ते कोळसा पाडायला लागले. पुढे कोळशाचेही दिवस गेले, वीटभट्टी आली. उचल घ्यायची, पावसाळा संपला की बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचे, उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आपल्या वसतिगृहात कातकरी मुले टिकत नाहीत असा शिक्षकांचा नेहमीचा शेरा असतो. दिवाळीनंतर मूल गायब होते, कारण आईबापांबरोबर ते भट्टीवर गेलेले असते. ‘या लोकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. खैराचे झाड आणि वीटभट्टी यांच्यामध्ये काय काय घडले, हे त्या मुलाला, आणि त्याच्या बाकावरच्या दुसऱ्या मुलालाही, एकदा नीट सांगितले तर ‘हे लोक असेच’ हा शेरा दोघांच्याही तोंडी पुन्हा सहज येणार नाही, असे मला वाटते. पत्र्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर यातच आहे. पत्रे घालायलाच हवेत. पण छप्पर ज्याच्यासाठी घालायचे तो मुलगा टिकत का नाही, हे कळण्याचा रस्ता इतिहासातून जातो. आणि हिशेबाचे म्हणाल तर या कामाचा पैसा इमारत निधीतून घेतलेला नाही, तो वेगळा आहे. खजिनदार इथे बसले आहेत, त्यांना विचारा.

ऑनलाइन म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे संगणकाची खोली येते. पाड्यावर काय असते? घरात एक फोन, तो बापाच्या किंवा मोठ्या भावाच्या खिशात, रेंज टेकडीवर. तेव्हा सगळे साहित्य त्या एका फोनवर चालले पाहिजे. आवाजाची फाइल लहान असली पाहिजे, एकदा उतरवून घेतली की नेट नसताना ऐकता आली पाहिजे, आणि एका फोनवरून दुसऱ्यावर फुकट देता आली पाहिजे. चित्रफिती अगदी थोड्या. वसतिगृहात एका साध्या संगणकावर सगळा संच ठेवून मुलांना आंतरजालाशिवाय तो पाहता येईल अशी सोय करायची आहे. अशी तंत्रे तयार आहेत, नव्याने शोधावी लागत नाहीत. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर नावाचा उपक्रम २०१०पासून साध्या फोनवर चालला. माणसे फोन लावून आपल्या भाषेत, गोंडीतही, बातमी सांगत आणि दुसऱ्यांच्या बातम्या ऐकत. वाचता येणे ही तिथे अट नव्हती. आपल्या आजीलाही ती अट असू नये.

भाषेविषयी थोडे. रेकॉर्डिंग ज्या बोलीत झाले त्याच बोलीत ठेवायचे, खाली देवनागरीत तीच बोली, आणि तिच्याखाली मराठी अर्थ. बोली ‘सुधारायची’ नाही. आपल्याकडे वारली, कोकणा, कातकरी या बोली मराठीला जवळच्या आहेत, म्हणून शिक्षकांना त्या अशुद्ध मराठी वाटतात. शहाद्या-धडगावकडच्या भिलीचे, पावरीचे तेच होते. पण जरा विदर्भाकडे पाहा. गोंडी ही द्राविडी भाषा आहे, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातली. मेळघाटातले कोरकू जी भाषा बोलतात तिचे नातलग तिकडे झारखंडात, संथाळी आणि मुंडारी. कोरकू मुलाच्या तोंडातली भाषाच त्याला सांगते की आपल्या पूर्वजांचा गोतावळा कुठवर पसरला होता. हा इतिहास कुठल्याही किल्ल्याच्या भिंतीवर कोरलेला नाही, आणि किल्ल्यापेक्षा जुना आहे. आपला पहिला संच ठाणे-पालघर-नाशिकच्या बाजूचाच असेल. विदर्भातले मित्र मंडळीत आहेत, त्यांनी मनावर घेतले तर पुढे तिकडे जाऊ.

आता अवघड भाग. तोंडी सांगितलेले आणि कागदावर लिहिलेले एकमेकांशी जुळत नाही तेव्हा काय करायचे?

जव्हारच्या मुकणे घराण्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. चौदाव्या शतकातला जयबा मुकणे हा कोळी पुरुष. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या असे त्याने मागितले, हो म्हटल्यावर कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने वेढा घालून मोठा मुलूख मिळवला. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ही कथा आहे. हीच युक्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज नगराच्या राणीविषयी हजारो वर्षांपासून सांगतात. मग जव्हारची गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यायची? माझे मत नाही. तिच्याशेजारी कार्थेजची कथा ठेवायची आणि मुलांना विचारायचे, गोष्टी प्रवास कशा करतात? राजाने लढून जिंकले असे न सांगता अकलेने मिळवले असे सांगणाऱ्यांना आपल्या राजाविषयी काय वाटत असेल? इतिहासाचा तास यातच भरतो.

कधी कधी लोकांकडे काळाची स्वतःची मोजणी असते. सुरगाण्याच्या पलीकडे डांग आहे. आज गुजरातेत असला तरी १९६०पर्यंत तो मुंबई राज्यात होता, आणि सोयरिकी अजून या बाजूला होतात. अजय स्कारिया या इतिहासकारांनी डांगातल्या भिल्लांच्या ‘गोठी’ ऐकून त्यांवर १९९९ साली पुस्तक लिहिले. तिथे जुने लोक भूतकाळाचे दोन भाग करतात. पहिल्याला म्हणतात मोगलाई, आणि त्यांच्या तोंडी मोगलाई म्हणजे जंगलात मोकळेपणाने फिरण्याचा काळ. आपण शाळेत शिकवतो त्या मोगलांशी त्याचा संबंध नावापुरता. दुसरा भाग इंग्रजांनी जंगलाच्या, जमिनीच्या हद्दी आखून बांधल्या तेव्हापासूनचा. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक ही आपली विभागणी जशी कोणीतरी केलेली आहे तशी हीही केलेली आहे. आपल्या साहित्यात काळाच्या दोन रेघा शेजारी शेजारी असतील. वरच्या रेघेवर सन, खालच्या रेघेवर पाड्याची मोजणी: मोठा दुष्काळ, अमुक साहेबाची मोजणी, लाल बावट्याचे वर्ष, धरणाचे वर्ष.

लाल बावट्याचे नाव घेतले, तर तेही सांगून टाकते. १९४५ साली तलासरी, डहाणूकडे वारल्यांनी वेठ नाकारली. जमीनदाराकडून लग्नासाठी कर्ज घ्यायचे आणि नवराबायकोने त्याच्याकडे राबत आयुष्य काढायचे, याला लग्नगडी म्हणत. ते मोडले. गवतकापणीच्या मजुरीसाठी लोक अडून बसले. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, वारली माणसे मेली. पुढारी किसान सभेचे, गोदावरी आणि शामराव परुळेकर. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले. कम्युनिस्टांचे नाव आपल्या साहित्यात कशाला, असे एका ज्येष्ठ बंधूंनी मला विचारले. मी म्हटले, वेठ संपली की नाही? ज्यांच्या आजोबांची वेठ सुटली ती मुले आपल्या वसतिगृहात जेवायला बसतात. सोडवणारे कोण होते हे त्यांना आपण सांगितले नाही तर दुसरे सांगतीलच, आणि वर हेही सांगतील की मिशनवाल्यांनी लपवले.

शब्दांचेही तसेच. राघोजी भांगरे, अकोले तालुक्यातले महादेव कोळी, यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. सरकारी कागदात ते दरोडेखोर, आज फलकावर आद्य क्रांतिवीर. सावकारांच्या वह्या आणि नाक-कान कापल्याच्या कहाण्या दोन्हींकडे आहेत. आपण मुलांना एकच शब्द हातात द्यायचा नाही. दोन्ही कागद समोर ठेवायचे आणि विचारायचे, हा शब्द कोणी लिहिला, कधी लिहिला, त्याला त्यातून काय हवे होते?

हाच प्रश्न आपल्या कागदांनाही लागू पडतो, आणि इथे मला तुमचे नीट लक्ष हवे आहे.

डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईत आहे, त्यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी लोकांविषयी लेख छापला. वारल्यांचे वर्णन एवढ्या तपशिलाने करणारे त्याहून जुने कागद फार थोडे असतील. त्यात वारल्यांशी केलेली प्रश्नोत्तरे आहेत. विल्सनसाहेब विचारतात, वारली उत्तर देतात. मी ती वाचली तेव्हा मला गंमत वाटली ती वारल्यांच्या उत्तरांची. थोडक्यात, थेट, काही ठिकाणी मिस्कील. विचारणारा त्यांना अज्ञानी समजत होता हे वाक्यावाक्यातून कळते, आणि तरी त्याने त्यांची उत्तरे उतरवून ठेवली म्हणून आज त्यांच्या पणतवंडांना ती वाचता येतात. उपकार आणि अवहेलना एकाच कागदावर आहेत. नंतरच्या मिशनऱ्यांचे वार्षिक अहवाल, परदेशी पाठवलेली पत्रे, वसतिगृहांची फोटो-पुस्तके यांतही असेच आहे. मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो: आधी लंगोटी, नंतर सदरा. खाली नाव नाही, ‘एक वारली मुलगा’ एवढेच.

समितीत यावर बरीच चर्चा झाली. असे कागद बाहेर काढू नयेत, आपल्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे काहींचे म्हणणे होते. ते म्हणणे मी हलके मानत नाही. दिवस कसे आहेत ते आपण सगळे जाणतो. पण शेवटी ठरले ते असे: आपले कागदही त्याच रांगेत बसतील, सरकारी कागदाच्या आणि आजीच्या आवाजाच्या शेजारी, आणि त्यांनाही तेच तीन प्रश्न विचारले जातील. इंग्रज सरकारचा शब्द तपासायला शिकवायचे आणि आपला शब्द आला की पान उलटायचे, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. वर्गात उभे राहिलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे.

फोटोंच्या बाबतीत एक काम निकडीचे आहे. त्या ‘एक वारली मुलगा’ला नाव शोधायचे आहे. काही चेहरे ओळखू शकतील अशी माणसे अजून हयात आहेत, पण ती ऐंशीच्या घरात आहेत.

परवानगीचा विषय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एखाद्या धवलेरीने लग्नातले गाणे आपल्याला गाऊन दाखवले. ते लग्नाच्या मांडवात गायचे गाणे. जगभर कोणीही, कधीही, जेवताना ऐकावे असे तिला वाटते का? विचारले पाहिजे. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू नावाच्या आदिवासी समाजाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ नावाची संगणक-व्यवस्था तयार झाली. तीत प्रत्येक आवाज, प्रत्येक चित्र कोणी पाहावे हे तो समाज ठरवतो. काही सगळ्यांसाठी, काही फक्त त्या कुटुंबासाठी, काही फक्त बायकांसाठी. एखादा माणूस वारला तर त्याचा फोटो काही काळ झाकून ठेवण्याचीही सोय आहे. आपण तीच पद्धत घेणार आहोत. रेकॉर्डिंग आधी पाड्यावर सगळ्यांसमोर ऐकवायचे. ज्याने सांगितले त्याने ‘हे ठेवा, हे काढा’ म्हणायचे. पुढे कधीही मन बदलले तर काढून टाकायचे, कारण न विचारता. औषधी झाडपाल्याचे ठिकाण आणि कृती कुठेही द्यायची नाही. लहान मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत. छापील पुस्तकाला हे जमत नाही, एकदा छापले की छापले. ऑनलाइनचा मला दिसणारा खरा फायदा हाच. लांबवर पोहोचते म्हणून लोक त्याचे कौतुक करतात, मला ते परत घेता येते याचे अप्रूप आहे.

आणि आवाज कोणाच्या मालकीचा? सांगणाऱ्याच्या. मानधन त्याला, रेकॉर्ड करणाऱ्या मुलालाही थोडे. आपल्या संस्थेचा शिक्का पडद्यावर अगदी लहान असेल. देणगीदारांची नावे तिथे नसतील, इथे या अंकात छापली जातील.

आता वाघदेवाकडे येते. आपल्या मंडळीतल्या पाड्यावरच्या कुटुंबांना हा प्रश्न आमच्यापेक्षा जास्त टोचतो हे मला ठाऊक आहे. आजोबा बोहाड्यात सोंग घेऊन नाचत, नातू उपासनेत पेटी वाजवतो. नातवाने आजोबांविषयी काय शिकायचे? मी एवढेच विचारते की शाळेत आपण ग्रीकांचा इतिहास शिकवतो तेव्हा झ्यूसचे नाव घेतोच की नाही? कोणी त्यामुळे झ्यूसची पूजा करू लागलेले माझ्या पाहण्यात नाही. माणसे कशाला भीत होती, कोणाकडे पाऊस मागत होती, पीक आले की कोणाचे नाव घेत होती, हे कळल्याशिवाय त्यांचे जगणे कळत नाही. कणसरीची कथा वाचल्याशिवाय वारली बाई सांडलेला भाताचा दाणा का उचलते ते समजणार नाही.

यहोशवाच्या पुस्तकात यार्देन ओलांडल्यावर बारा धोंडे उभे केल्याचे आहे. पुढे मुलांनी विचारावे की हे धोंडे कसले, आणि बापांनी सांगावे, यासाठी. गडचिरोलीकडे माडिया गोंड आपल्या मेलेल्यांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. मेळघाटात कोरकू सागवानी खांब कोरून उभे करतात. तिथेही मुले विचारत असणारच. एका दगडाचे उत्तर शाळेत द्यायचे आणि दुसऱ्याचे उत्तर नसल्यासारखे वागायचे, हे काही मला जमत नाही. उपासना कोणाची करायची ते घर आणि मंडळी ठरवील. आम्ही इतिहासाचे साहित्य करतो आहोत.

शेवटी कामाचे. रेकॉर्डिंगचा हंगाम भातकापणी संपल्यापासून होळीपर्यंत. पावसाळ्यात माणसे शेतात, आणि कौलावर पावसाचा आवाज एवढा की बोललेले ऐकू येत नाही. रेकॉर्ड करायला नववी ते बारावीची मुले शिकून तयार होतील. बाहेरून कोणी पत्रकार आणायचा नाही. आजी नातवाला जे सांगते ते पत्रकाराला सांगत नाही.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. ज्यांच्या घरी जुने मिशनचे फोटो, पत्रे, अहवाल आहेत त्यांनी ते द्यावेत. मूळ द्यायचे नसेल तर उजेडात नीट फोटो काढून पाठवा, आणि फोटोच्या पाठीमागे काही लिहिले असेल तर त्या बाजूचाही काढा. पुष्कळदा पाठीमागेच गावाचे नाव असते. ज्यांना बोली येते आणि मराठी लिहिता येते अशांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत, रेकॉर्डिंग लिहून काढायला. हे काम पैशाने होत नाही, कान लागतो. आणि ज्यांचे जुने पण चालू फोन कपाटात पडले आहेत त्यांनी ते चार्जरसकट द्यावेत. चार्जर विसरू नका, मागच्या वेळी सगळे फोन आले आणि चार्जर एक आला.

चहाच्या वेळी बाहेरच्या टेबलावर मोहाचा धडा एका फोनवर ठेवला आहे. सध्या आवाज एकाच आजीचा आहे, त्या स्वतः इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. धड्यात काही चुकले असेल तर त्या सांगतीलच. ऐका, आणि तुमच्याकडे मोह कसा वेचतात ते त्यांना सांगा. त्यांना ऐकायचे आहे.